हरभरा ते फुटाणा : पाथर्डीच्या कोरडवाहू मुलखातील एक जोडधंदा



होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढी येथे कानिफनाथांची यात्रा भरते. रेवड्या, फुटाणे, खारे शेंगदाणे यांच्या दुकानांनी गडाचा पायथा फुलून जातो. नेमक्या याच सुमारास पाथर्डी तालुक्यातील हरभऱ्याची मळणी उरकलेली असते. शेतकऱ्याचा हा हरभरा कच्चाच पोत्यात भरून आडतीवर गेला, की भाजणीची मिळकतही त्याच्याबरोबर तालुक्याबाहेर जाते.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेचा हा तालुका पर्जन्यछायेतील आहे. दसरा-दिवाळी आटोपली, की येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी घराला कुलूप लावतात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. मुलांच्या शाळेचे काय होते, हे उपस्थित शिक्षकांना सांगावयास नको. एखादी भट्टी संपूर्ण गावाची ऊसतोड थांबवील, असा दावा कोणी करू नये. परंतु चार-सहा घरांना ती गावातच काम देऊ शकते.

रब्बी हरभरा जमिनीतील ओलीवर येतो. याच जिल्ह्यातील राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विजय, विशाल व दिग्विजय हे वाण दिले आहेत. फुटाण्यासाठी मात्र वाणाच्या नावापेक्षा दाण्याचा सारखेपणा महत्त्वाचा. लहानमोठे दाणे एकाच कढईत पडले, तर बारीक दाणा करपतो आणि टपोरा कच्चा राहतो. म्हणून प्रथम चाळणी. नंतर दाण्यांवर पाणी शिंपडून ढीग झाकून ठेवतात; खाऱ्या फुटाण्यासाठी मीठ-हळदीचे पाणी लावतात. पुढे तापलेल्या वाळूत दाणा एकदा शेकून घेतात व मुरू देतात. या विश्रांतीत आतील ओल दाणाभर सारखी पसरते. दुसऱ्या खेपेस कडक वाळूत पडताच त्या ओलीची वाफ होते, दाणा फुगतो व टरफल सुटते. घाईपोटी मधली विश्रांती टाळणाऱ्याचा फुटाणा दाताखाली खडा लागतो. भडभुंज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले हे ज्ञान आहे. त्यांनाच शिक्षक म्हणून बोलावण्यात कमीपणा कसला?

हिशेब करताना एक चूक वारंवार होते. पोत्याचा भाव आणि पुडीचा भाव यांतील सगळा फरक नफा समजला जातो. टरफल व ओल गेल्याने वजन घटते. सरपण, मजुरी व पिशवी यांचाही खर्च असतो. टरफल मात्र जनावरांच्या खाद्यात उपयोगी पडते. पावसाळ्यात फुटाणा लवकर सादळतो, तेव्हा हवाबंद पिशवीवरचा खर्च वाचवणे परवडत नाही.

आणखी एका गोष्टीबाबत तडजोड नको. माल पिवळाधमक दिसावा म्हणून ऑरामाइन किंवा मेटॅनिल यलो यांसारखे रंग वापरले जातात. हे कापड, कागद व चामड्याच्या उद्योगातील रंग असून खाद्यपदार्थांत त्यांना मनाई आहे. शेंगदाण्याबाबतचा धोका निराळा. शेंग नीट न वाळवता साठवली, तर बुरशी धरते व अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे सुमारे एक लाख टर्की पक्षी दगावले, तेव्हा या विषाचा शोध लागला. भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. काळवंडलेला, सुरकुतलेला दाणा हाताने वेचून काढणे, हे काम म्हणूनच भट्टीइतकेच मोलाचे.

भांडवलासाठी 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान आणि बचत गटातील प्रक्रिया करणाऱ्या सदस्यास 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल ठेवण्यात आले. योजनेची सद्यःस्थिती कृषी कार्यालयात विचारून मगच यंत्राची मागणी नोंदवावी. अन्नसुरक्षा नोंदणी तर पहिली पुडी विकण्याआधीच हवी.

पहिल्या वर्षी मोठे यंत्र घेण्याची निकड नाही. एक कढई, दोन चाळण्या व शंभर किलो निवडलेला हरभरा घेऊन मढीच्या यात्रेत दुकान मांडावे. खपाची वही ठेवावी. त्यानंतर नवरात्रात मोहटादेवीच्या यात्रेसाठी किती माल भाजावयाचा, ते ती वही सांगेल. आणि ऊसतोडीची उचल घ्यावयाची की नाही, याचा विचार त्याच सुमारास घरोघर चाललेला असतो.