अक्षर आले, वाचन कधी येणार?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. पहिली-दुसरीच्या वर्गांत माझी हयात गेली, तेव्हा बोलणार तेही तिथलेच.

दुसरीच्या माझ्या वर्गात एक मुलगी होती. बाराखडी तोंडपाठ, जोडाक्षरेही ओळखी. पण धडा वाचायला उभी राहिली की 'आ-ई-ने भा-क-री भा-ज-ली' असे एकेक अक्षर ओढीत कशीबशी वाक्याच्या टोकाला पोचे, आणि "काय भाजले गं आईने?" असे विचारले की खाली मान घाली. "लक्ष कुठे असते तुझे?" म्हणून एकदा मी तिला साऱ्या वर्गादेखत रागावले. त्यानंतर महिनाभर तिने वाचायला तोंड उघडले नाही. चूक तिची नव्हती, माझी होती, हे मला फार उशिरा कळले.

नव्याने भाकरी थापणारी पोर प्रत्येक थापेकडे टक लावून बघते. हात बसला की थापता थापता गप्पाही होतात. वाचनाचेही तसेच. अक्षरे जुळवण्यातच सारे मन गुंतले, तर अर्थाकडे बघणार कोण? त्यातून आपल्या लिपीच्या खोडी! 'कि'ची वेलांटी अक्षराआधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. 'सूर्य'मधला र ऐकू येतो य-च्या आधी, पण बसतो त्याच्या डोक्यावर. आणि 'जग' म्हणजे दुनिया की 'शंभर वर्षे जग' हा आशीर्वाद, हे उमजल्याखेरीज ज-चा उच्चारही साधत नाही.

हात बसतो तो सरावाने. पण वर्गात सराव मिळतो किती? चाळीस मुले आणि पस्तीस मिनिटांचा तास. एकेकाला उभे केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला धड एक मिनिटही येत नाही. म्हणून मी रीत बदलली. दहा शब्दांत एखाद्याच शब्दाला मूल अडेल, असा सोपा, लहानसा उतारा घ्यायचा. आधी मी स्वतः थांबे घेत, गोष्ट सांगावी तसा वाचून दाखवी. मग सगळ्यांनी माझ्याबरोबर वाचायचे. नंतर जोड्या पाडायच्या. एकाने वाचायचे, दुसऱ्याने बोट ठेवून ऐकायचे. तोच उतारा तीन-चार दिवस. मूल अडले तर क्षणभर थांबायचे, तरी न आले तर शब्द सांगून टाकायचा आणि वाक्य पहिल्यापासून वाचायला लावायचे. पाठ म्हणत असेल अशी शंका आली, तर मधल्याच शब्दावर बोट ठेवून विचारायचे. पळापळ मात्र नको. भरभर वाचणे म्हणजे ओघाने वाचणे नव्हे.

अमेरिकेतील सॅम्युएल्स या अभ्यासकांनी १९७९ साली हेच मांडले, की एक उतारा पुन्हा पुन्हा वाचून ओघ आला, की पुढचा नवा उताराही मूल अधिक सहज वाचू लागते.

त्या मुलीची जोडी मी एका शांत मुलीशी लावली. एके दिवशी मांजर दुधाच्या पातेल्यात पडते त्या ओळीला ती मी काही विचारण्याआधीच खुदकन हसली. तेव्हा मी ओळखले, ही आता वाचते आहे.

पण अशी किती मुले अजून अडून आहेत! २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे सत्तावीसच मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. एकट्या शिक्षिकेचे कान सगळ्यांना कसे पुरणार?

म्हणून भगिनींनो, आज मी तुमच्याकडे पैसा नव्हे, कान मागायला आले आहे. घरी रोज दहा मिनिटे मुलाचे वाचन ऐका. ज्या आजीला अक्षर येत नाही, तिनेही ऐकावे आणि "मग पुढे काय झाले रे?" एवढेच विचारावे. आणि आपल्यापैकी दहा जणींनी, शिक्षकांच्या संमतीने, आठवड्यातली एक दुपार जवळच्या शाळेला दिली, तर मागच्या बाकावरचे मूलही कोणाला तरी वाचून दाखवील. रागावू मात्र नका. माझ्या रागाने एका पोरीचा महिना वाया गेला, तो मला अजून सलतो.