कॉफी हाउसमधले तीन तास

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ज्येष्ठ सभासदांच्या मनोगतात केलेले भाषण)



कमिटीने मला बजावलंय, "काका, दहा मिनिटं बोला, पण मुदत ठेवींच्या व्याजावर नको." म्हणून आज खाण्यापिण्यावर बोलतो.

मी सदतीस वर्षं बँकेत काढली. १९८८ पर्यंत बँकांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं. लोक थर्टी फर्स्ट करायचे, आम्ही क्लोजिंग करायचो. पंधरा पैशांचा फरक सापडेपर्यंत रात्रीचे दोन वाजायचे. पुढे क्लोजिंग मार्चवर गेलं, पण डिसेंबरात रजा मागायची नसते ही सवय अंगात मुरली ती मुरलीच. एलटीसी घेतली ती मे महिन्याच्या उन्हात, आणि तीसुद्धा हातात पॉइंट्सची यादी घेऊन. आमची ही म्हणायची, "तुम्ही मला गावं दाखवली नाहीत, रेल्वे स्टेशनं दाखवलीत."

म्हणून २०१८ च्या डिसेंबरात हिनेच ठरवलं. कोलकाता. चार दिवस, एकच शहर, यादी नाही. बरोबर ४०२ मधल्या वहिनी आणि त्यांचे साहेब. चार तिकिटं काढून झाल्यावर मला सांगण्यात आलं.

इथे एक गोष्ट नव्या सभासदांना सांगायला हवी, जुन्यांना माहीत आहे. मी ३०२ मध्ये राहतो, आणि ४०२ च्या साहेबांशी माझं चार वर्षं बोलणं नव्हतं. कारण काय, तर लीकेज. त्यांच्या बाथरूमचं पाणी माझ्या छतातून यायचं. बायका मात्र रोज एकत्र भाजी आणायच्या.

कल्याणहून गीतांजली एक्सप्रेस. तीसेक तासांच्या प्रवासात आम्ही दोघं पुरुष समोरासमोरच्या बाकांवर बसून एकच पेपर आळीपाळीने वाचत होतो.

कोलकात्याची थंडी आपल्या नाशिकपेक्षा जास्त नाही, पण तिथे सकाळी सगळे माकडटोप्या घालून फिरतात. हिवाळ्यात ताजा मटार आला की त्याचं सारण भरून कचोरी करतात, सोबत बटाट्याची दमातली भाजी. आणि नोलेन गूळ! आपल्याकडे ज्या शिंदीच्या झाडाची नीरा काढतात, त्याच झाडाला थंडीत खाच पाडून रात्रभर मडकं बांधतात. पहाटे रस उतरवायचा आणि आटवायचा. उन्हाळ्यात ही चव मिळत नाही. त्या गुळाचा संदेश तोंडात टाकला आणि मला कळलं की मे महिन्यात येऊन आपण काय घालवलं असतं. आम्हा चौघांत तिघांना मधुमेह, तेव्हा एकेक संदेश चाकूने कापून वाटून घेतला. न्यू मार्केटमध्ये १९०२ पासूनची नाहूम यांची ज्यू बेकरी आहे. तिथे नाताळच्या केकसाठी रांग लावली. बँकेत रांगेच्या पलीकडे बसलेला माणूस प्रथमच अलीकडे उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी बायकांना गरियाहाटला ताँतच्या साड्या घ्यायच्या होत्या. त्यांनी आम्हा दोघांना कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसमध्ये बसवलं आणि "तासाभरात येतो" म्हणून गेल्या. त्या तीन तासांनी आल्या.

जुन्या पुस्तकांच्या दुकानांमधून जिना चढून वर जायचं. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, रवींद्रनाथांची मोठी तसबीर, पांढऱ्या पोशाखातले फेटेवाले वेटर आणि प्रचंड गलका. सत्यजित राय इथे येऊन बसायचे. मन्ना डे यांचं बंगालीतलं गाजलेलं गाणं याच कॉफी हाउसच्या अड्ड्यावर आहे. बिनदुधाच्या कॉफीला तिथे 'इन्फ्यूजन' म्हणतात. आपल्याला जायफळ घातलेल्या दुधाच्या कॉफीची सवय, त्यामुळे पहिला घोट काढ्यासारखा लागला.

पंधरा मिनिटं आम्ही दोघं रवींद्रनाथांकडे बघत बसलो. मग साहेबांनी साखरेचं भांडं पुढे सरकवलं आणि लगेच मागे ओढलं. "तुम्हाला चालत नाही ना," म्हणाले. चार वर्षांतलं पहिलं वाक्य.

दुसऱ्या कॉफीला मी त्यांना सांगितलं, की ही जागा कामगारांच्या सहकारी संस्थेची आहे. १९५७-५८ च्या सुमारास कॉफी बोर्ड आपली कॉफी हाउस बंद करायला निघालं. नोकऱ्या जाणार होत्या. तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी ठिकठिकाणी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. साहेब म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखीच सोसायटी. यांच्यात भांडणं होत नसतील?" मी म्हटलं, "होत असणार, पण हे एकाच स्वयंपाकघरात राबतात. बोलल्याशिवाय चालणार कसं?"

मग ते हळूच म्हणाले, "तुमचं पत्र आलं, तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. बाथरूम महिनाभर फोडून ठेवलं असतं, तर तिचं सगळं कुठे करायचं होतं?"

मंडळी, मी ते पत्र रजिस्टर ए.डी.ने पाठवलं होतं. एक मजला वर! त्यांच्या आई आजारी आहेत हे मला माहीत होतं. पण माझ्या डोक्यात फक्त छताचा डाग होता. २०१६ मध्ये त्या गेल्या, तेव्हा मी हिला एकटीला वर पाठवलं. मी सतरा पायऱ्या चढलो नाही. हे मी तिथे त्यांच्यापाशी कबूल केलं आणि आज तुमच्यासमोर करतो.

साहेबांनी काही उत्तर दिलं नाही. वेटरला हाक मारून कांदाभजी मागवली आणि बशी माझ्याकडे सरकवली. बिल कोणी द्यायचं यावर मात्र आमचं बायका येईपर्यंत भांडण चाललं.

जानेवारीत बाथरूमचं काम झालं. बिल निम्मं निम्मं. हे कमिटीला किंवा बायलॉजला विचारून ठरलं नव्हतं, भज्यांवर ठरलं होतं.

आज साहेब पहिल्या रांगेत बसले आहेत आणि मला घड्याळ दाखवत आहेत, म्हणून संपवतो. पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बसवली, सोलर आणलं, सीसीटीव्ही लावले. पण या हॉलमध्ये अजूनही काही जोड्या अशा आहेत, की एक लिफ्टमध्ये शिरला तर दुसरा जिन्याने जातो. नावं घेत नाही. पंचाहत्तरीच्या माणसाचं ऐका, चार वर्षं फार असतात.

कार्यक्रमानंतर बाहेर कॉफी ठेवली आहे. महिला मंडळाने जायफळ घालून केली आहे. ज्याच्याशी बोलत नाही, त्याच्या हातात एक कप द्या. साखर चालते का, तेवढं विचारा.