आमच्या मंडळीचा स्कॉटिश वारसा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी बोलायला उभे राहिले की मंडळाची स्तुती करावी आणि खाली बसावे, अशी आपली जुनी रीत आहे. परंतु ते काम चिटणीसबाईंनी आपल्या अहवालात इतके चोख केले आहे की माझ्यासाठी त्यांनी काही शिल्लक ठेवलेले नाही. तेव्हा गेले पंधरा दिवस माझ्या मनात जी एक गोष्ट घोळते आहे, तीच मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. गोष्ट आमच्या घरची आहे, चर्चची आहे. पण ती ऐकून आपल्यापैकी पुष्कळजणींना आपल्याही घरचे काहीतरी आठवेल असा मला भरवसा आहे.

माझे माहेर नागपूरचे, हे आपणांस ठाऊक आहेच. तेथील आमच्या मंडळीत (आम्ही चर्चच्या सभासदांना 'मंडळी' म्हणतो, तेव्हा माझी मंडळे दोन!) या वर्षी एका रविवारच्या उपासनेत स्कॉटिश वारशाचा सोहळा करावयाचे ठरत आहे. माझी भाची त्यात पुढाकार घेते आहे. ती काही वर्षे अमेरिकेत राहून आली. तिकडच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये तिने असा रविवार पाहिला : दारात बॅगपाइप वाजतात, घराण्याघराण्याच्या चौकड्यांचे लोकरी कापड काठ्यांना लावून मिरवीत आत आणतात आणि पाळकसाहेब त्यावर आशीर्वाद मागतात. तिने मला फोन केला आणि म्हणाली, "मावशी, आपल्याकडेही असे करू या. तीस नोव्हेंबर हा स्कॉटलंडच्या संत आंद्रियाचा दिवस, त्याच्या जवळचा रविवार धरू. आणि वारशाबद्दल तू बोलायचे."

मी लगेच होकार दिला नाही. का दिला नाही ते सांगते.

नवी नवरी म्हणून मी यवतमाळला आले तेव्हा शेजारच्या एक वयस्क बाई मोठ्या मायेने माझी चौकशी करायला आल्या. नाव, गाव, शिक्षण सारे विचारून झाल्यावर त्यांनी विचारले, "मग तुमचे मूळ गाव विलायतेत का?" त्यांच्या मनात काही वाकडे नव्हते. पण माझे सासर-माहेर दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या वऱ्हाड-नागपूरचे, आमच्या घरी झुणका-भाकर आणि भरड्याचे वडे, आणि प्रश्न हा! तेव्हापासून हा प्रश्न मी निरनिराळ्या तोंडांतून ऐकत आले आहे. सगळीच तोंडे त्या बाईंसारखी प्रेमळ नव्हती. म्हणून चौकडीचे कापड मिरवीत आपणच रस्त्याने निघावे, ही कल्पना मला एकदम रुचली नाही.

आता हा स्कॉटलंडचा संबंध आला कोठून, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण आपल्या यवतमाळात 'मिशन' म्हटले की अमेरिकन फ्री मेथडिस्ट मिशन डोळ्यांपुढे येते. उमरीचा दवाखाना त्यांचाच. इथले युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून तीस वर्षे आपल्या गावात होते आणि १९८३ साली ते पुण्यास गेले. वर्धा नदी ओलांडली की मात्र दुसरी दुनिया. नागपूर, भंडारा, वर्धा या बाजूला जे मिशनरी आले ते स्कॉटलंडचे.

त्यांतले पहिले स्टीफन हिस्लॉप. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने १८८३ साली निघाले, तेच हे. १८१७ साली जन्मलेला हा माणूस १८४५ मध्ये पत्नीसह नागपुरास आला तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८४३ च्या मे महिन्यात, स्कॉटलंडात एक मोठे भांडण झाले होते. गावच्या मंडळीने आपला पाळक आपण निवडायचा, की जमीनदाराने नेमून दिलेला मुकाट्याने पत्करायचा? या एका प्रश्नावर चारशे सत्तरांवर पाळक आपली घरे, पगार आणि चर्चच्या इमारती सोडून बाहेर पडले आणि त्यांनी 'फ्री चर्च' स्थापन केले. हिस्लॉप त्या बाहेर पडलेल्यांचा. राहते घर सोडण्याची हिंमत आम्ही पुस्तकात वाचतो. पण पाळकाने घर सोडले म्हणजे चूल कोणी हलवली, हे पुस्तके लिहीत नाहीत. असो.

प्रेस्बिटेरियन म्हणजे काय, असे मला मागे एका मैत्रिणीने विचारले होते. अगदी साधे आहे. मंडळीतून 'वडील' निवडायचे, आणि पाळकाने त्यांच्यासह बसून कारभार पाहायचा. वर बिशप नाही. आपल्या मंडळाची कार्यकारिणी जशी चालते, जवळजवळ तशीच, भांडणेही तशीच! मात्र हे 'वडील' शब्दशः वडीलच असत. स्कॉटलंडच्या मुख्य चर्चने बायकांना वडील होण्याची मुभा दिली ती १९६६ साली आणि पाळक होण्याची १९६८ साली. धर्मसुधारणा झाली १५६० मध्ये. तेव्हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पण त्याच १५६० साली त्या लोकांनी आणखी एक गोष्ट मनात धरली होती. प्रत्येक गावच्या चर्चबरोबर एक शाळा हवी. पवित्र शास्त्र ज्याचे त्याने वाचायचे, तर ज्याला त्याला वाचता आले पाहिजे, इतका सरळ हा विचार. १६९६ मध्ये त्यांनी तसा कायदाही केला. म्हणून स्कॉटिश मिशनरी जेथे गेले तेथे त्यांनी आधी शाळा काढली. नागपुरात हिस्लॉपने काढली. मुंबईस जॉन विल्सन १८२९ साली आले आणि त्यांच्या पत्नी मार्गारेटबाई यांनी मराठी शिकून मुलींच्या शाळा सुरू केल्या. सहा वर्षांत, १८३५ साली, त्या बाई मुंबईसच वारल्या. गावदेवीचे सेंट कोलंबा हायस्कूल आपला उगम त्यांच्यापर्यंत नेते. आणि पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ ते १८४७ या काळात एक माळ्याचा मुलगा इंग्रजी शिकत होता. १८४८ साली त्याने आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. जोतिरावांनी मिशनऱ्यांचा धर्म घेतला नाही, पण शाळा म्हणजे काय हे तेथे जवळून पाहिले. तेव्हा भगिनींनो, या सभागृहात सही करून आत आलेल्या प्रत्येकीकडे त्या वारशाचा थोडा हिस्सा आहे. चौकडीचे कापड नसले म्हणून काय झाले!

त्या कापडाचे मी भाचीला सांगितले तेव्हा ती जरा हिरमुसली. १७४५ च्या बंडानंतर इंग्रज सरकारने १७४६ साली डोंगराळ स्कॉटलंडातील पुरुषांना हा पोशाख घालण्यास बंदी केली, ती १७८२ मध्ये उठली, हे खरे. पण त्या बंदीत लोक कापडाचा तुकडा लपवून चर्चमध्ये आणीत आणि आशीर्वाद घेत, ही जी कथा सांगतात तिला जुना आधार सापडत नाही. आजचा हा विधी सुरू झाला १९४१ साली, वॉशिंग्टनमध्ये; पीटर मार्शल नावाच्या स्कॉटिश जन्माच्या पाळकांनी युद्धकाळात तो रूढ केला. शिवाय हिस्लॉप डन्स गावचा, म्हणजे इंग्लंडच्या सीमेलगतच्या सखल भागातला. चौकडीचा झगा हा उत्तरेकडच्या डोंगरी लोकांचा पोशाख. कोकणातल्या माणसाच्या सत्काराला नऊवारीऐवजी फेटा-घोंगडी आणावी, तसला तो प्रकार होईल.

मग ती म्हणाली, "मावशी, मग काय उरले गं?"

उरले पुष्कळ. एक तर गाणे. स्कॉटलंडच्या जुन्या मंडळीत बाजाची पेटी नव्हती. स्तोत्रे नुसत्या गळ्यावर म्हणत. पुस्तके थोडी, वाचता येणारे थोडे. म्हणून एकजण पुढे उभा राहून एक ओळ म्हणे आणि सारी मंडळी ती मागून म्हणे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटले आणि हसले. आमच्या आजीच्या वेळी भजन असेच होत असे, आणि आपल्या गल्लीतल्या विठ्ठलमंदिरात एकादशीला आजही असेच होते. पुढे नारायण वामन टिळकांनी मराठी भजने रचली आणि ती आम्हां सर्वांच्या तोंडी बसली. स्कॉटिश चालींवरची भाषांतरित गीते आम्ही म्हणतो. पण उपासनेत टाळ निघाला की म्हाताऱ्या बायकांचे चेहरे कसे उजळतात ते एकदा येऊन पाहावे.

दुसरे, हिस्लॉपची वही. हा माणूस धर्मोपदेश करायला आला, पण त्याचे डोळे सतत जमिनीकडे. दगड, शिंपले, हाडांचे अवशेष गोळा करीत हिंडे. नागपूरच्या पाण्यात सापडलेल्या एका सूक्ष्म जिवाला शास्त्रज्ञांनी 'हिस्लॉपिया' असे नावच दिले. पण मला मोलाची वाटते ती गोंडांच्या गाण्यांची नोंद. गोंडांचे प्रधान लिंगोची जी कथा गातात, ती त्याने गोंडीतून जशीच्या तशी उतरवून घेतली. मूर्तिपूजेविरुद्ध बोलणारा पाळक देवांची गाणी शब्दन्‌शब्द लिहून घेतो आहे, हे चित्र मला फार विचार करायला लावते. आपल्या केळापूर, झरी, मारेगावकडच्या गोंड भगिनींच्या घरी जे गायले जाते त्याचे इतके जुने छापील रूप त्याच्यामुळे राहिले. ते छापलेले पाहायला मात्र तो राहिला नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून तो बोरीकडे परतत होता. वाटेत एका शाळेत थांबला, म्हणून एकटा मागे राहिला. पावसाने चढलेल्या पाण्यात तो बुडाला आणि घोडा एकटाच तळावर आला. त्याची कागदपत्रे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. टाकळघाटला पुढे नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले, ते शंभर वर्षांनंतर.

तिसरी गोष्ट नागपूरचे मूर मेमोरियल हॉस्पिटल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. ॲग्नेस हेंडरसन या स्कॉटिश बाईंनी ते बायकांसाठी उभे केले. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायची नाही म्हणून बाळंतिणी घरातच मरत, तो तो काळ. माझी आई तेथेच जन्मली.

एवढे सांगून मी थांबले असते तर भाची खूष झाली असती. पण मी तिला एक चौथी गोष्टही सांगितली आणि ती उपासनेत सांगणार असशील तरच बोलीन, अशी अट घातली.

माझ्या पणजोबांनी ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा पणजी वीस वर्षांची होती. तिला कोणी विचारले नाही. ती नवऱ्यामागून आली आणि तिच्या माहेरचे दार बंद झाले. आई-वडिलांनी सुतक पाळले. मिशनमधल्या बायबल बाईने तिला अक्षरे शिकवली, पुढे ती स्वतः शास्त्र वाचू लागली आणि आनंदाने वाचू लागली. ते मी खोटे म्हणत नाही. पण दर उन्हाळ्यात कोणातरी बैलगाडीवाल्याच्या हाती तिच्याकडे कुरडयांचे एक बोचके यायचे. निरोप नाही, चिठ्ठी नाही. कोणी पाठवले ते तिने विचारले नाही आणि गाडीवाल्याने सांगितले नाही. एका वर्षी बोचके आले नाही. त्यावरून तिने ओळखले की आई गेली. माझ्या आजीने त्या वेळी आपल्या आईला पहिल्यांदा रडताना पाहिले.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपण वाचली आहेत. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या बाईंनी काय सोसले ते आपणांस माहीत आहे. त्यांनी लिहिले म्हणून कळले. ज्यांनी लिहिले नाही त्या अशा कित्येक. स्कॉटलंडहून आलेल्यांनी घर सोडले त्याचे आम्ही सोहळे करतो. पण आमच्या बायकांनी जे सोडले त्याला रविवार कोणता?

फोनवर भाची बराच वेळ बोलली नाही. मला वाटले, रागावली. चार दिवसांनी तिने कार्यक्रमाचा नवा कागद पाठवला. बॅगपाइप गेले आहेत. एक जुने स्तोत्र गळ्यावर, ओळीमागून ओळ म्हणायचे आहे. पुढे उभी राहणार आहे एक बाई. हिस्लॉप, मार्गारेटबाई, डॉ. हेंडरसन यांची नावे घ्यायची आहेत, आणि त्यानंतर प्रत्येक घराने आपल्या घरात प्रथम या वाटेने आलेल्या बाईचे नाव उभे राहून सांगायचे आहे. काही घरांत ते नाव कोणालाच आठवत नाही म्हणून आता धावपळ चालू आहे; एक म्हातारे गृहस्थ जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्या चाळीत बसले आहेत. चौकडीचे कापड मात्र तिने सोडलेले नाही. एक लहानसा तुकडा वेदीवर राहणार, शेजारी इरकली खण. मी म्हटले, राहू दे बाई.

तारखेबद्दल एक गंमत सांगायची राहिली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच आमचे जुने प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल चर्च इतर पाच चर्चांशी एक होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाले. ज्यांच्या पूर्वजांनी बिशप नको म्हणून पिढ्यान्‌पिढ्या झगडा केला त्यांनी त्या दिवशी बिशप मान्य केले, आणि दुसऱ्या दिवशी होता संत आंद्रियाचा सण! मी तो सोहळा पाहिलेल्यांकडून ऐकले आहे की त्यानंतरच्या जेवणात पंक्ती फार वेळ चालल्या.

तेव्हा मी जाणार आहे. पणजीचे नाव मी सांगणार आहे, आणि जमल्यास कुरडया नेणार आहे; उपासनेनंतर चहाबरोबर तळता येतील. ओळीमागून ओळ म्हणून झाल्यावर टिळकांचे एक भजनही ठरले आहे, आणि त्यासाठी तेथील पेटीचा भाता फाटला आहे असे कळते. आपल्या मंडळाची पेटी त्या दोन दिवसांपुरती मिळाली तर मी स्वतः सांभाळून नेईन आणि आणीन. कोषाध्यक्षबाई समोर बसल्याच आहेत. त्यांच्याशी मी आता चहाच्या वेळी बोलते.