मूल बोलेल तेव्हा

आज शिक्षणशास्त्राची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

मुचकुंदी नदी समुद्राला मिळते त्या या पूर्णगडात आज तुमचा पदवीदान समारंभ होतो आहे. तुमच्यापैकी बहुतेक जण लवकरच वर्गात उभे राहतील. तुमचं मनापासून अभिनंदन करतो आणि लगेच एक कबुलीही देतो.

नोकरीची पहिली वर्षं मी खाडीकाठच्या एका शाळेत काढली. चौथीतला एक मुलगा पहिल्याच तासाला पेंगायचा. मी त्याच्यावर ओरडलो, त्याला वर्गाबाहेर उभं केलं, एकदा छडीही मारली. तो काही बोलला नाही. पुढे एका पहाटे बंदरावर गेलो, तर बोटीतून उतरलेली मासळी निवडत तो उकिडवा बसलेला दिसला. रोज तीन वाजल्यापासून तो तिथे असायचा. वर्षभर मी त्याची हजेरी मांडली होती, पण ‘बाळा, रात्री झोपतोस कधी?’ एवढं विचारलं नव्हतं. घरी त्याची हेळसांड होत होती आणि शाळेत ती मीच करत होतो.

ही गोष्ट आठवली की मला बदलापूर आठवतं. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचं उघड झालं. मुलींनी घरी सांगितलं होतं आणि घरच्यांनी विश्वास ठेवला होता. पण शाळेने पोलिसांना कळवलं नाही आणि पोलीस ठाण्यात पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि न कळवल्याबद्दल शाळाचालकांवरही गुन्हा दाखल झाला. चार वर्षांच्या मुली बोलल्या, शाळेतली मोठी माणसं मात्र गप्प राहिली.

हे शहरातच घडतं, असं समजू नका. केंद्र सरकारने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलणं झालं होतं. त्यातल्या 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. सोसणाऱ्यांत निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते. अत्याचार करणारा पुष्कळदा ओळखीचाच होता आणि बहुतेक मुलांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

आपल्या कोकणात सांगणं आणखी अवघड. वडील मुंबईला, मूल आजीपाशी. बोटींवरच्या खलाशांची आणि आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलं तर इथली भाषाच नव्याने शिकत असतात. वाडीवरच्या शाळेत एक किंवा दोन शिक्षक. त्यांच्यातल्याच एकाबद्दल तक्रार असेल, तर मुलाने जावं कुणाकडे? वर सगळा गाव एकमेकांच्या नात्यातला. मग ‘गावाची अब्रू’ पुढे येते आणि चार जण बसून प्रकरण मिटवतात. अब्रू मोठ्यांची राहते, जखम मुलाच्या अंगावर राहते.

यासाठीच कायदा आहे. पॉक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झाला. त्याच्या कलम 19 नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. तेव्हा ‘मुख्याध्यापक बघतील’ म्हणून तुमची सुटका होत नाही. त्यांनी थांबवलं, तर तुम्ही स्वतः जा. छडीबद्दलही सांगतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. मी उगारली ती छडी तुम्ही उगारू नका.

मूल बोलायला लागलं, तर काय कराल? शांतपणे ऐका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही. ‘तू तिथे गेलासच कशाला?’ असं विचारू नका. खोदून खोदून, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्यासमोर मुलाला उभं करू नका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही,’ एवढं म्हणा. त्याचेच शब्द तारीख घालून लिहून ठेवा आणि त्याच दिवशी कळवा. मुलाचं नाव स्टाफरूममध्येही फुटू देऊ नका. त्याचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेता येतो आणि तो घेणारा पोलीस गणवेशात नसावा, असं कायदा सांगतो. घाबरलेल्या पालकांना हे तुम्हीच समजावून सांगायचं आहे.

पण कित्येक मुलं बोलतच नाहीत. खाडीपलीकडे गावखडीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथली राखण करणारी माणसं पहाटे किनारा पालथा घालतात आणि वाळूतल्या मागावरून घरटं हुडकतात. कासवाने हाक मारण्याची वाट ते पाहत नाहीत. मुलांच्या वागण्यातले माग तुम्हालाही असेच वाचता आले पाहिजेत. बोलकं मूल अचानक गप्प होणं, शाळा सुटली तरी घरी जायला टाळाटाळ करणं, एखाद्या माणसाला पाहताच आक्रसणं, अंगावरचे वळ लपवणं, पोषण आहारावर आधाशासारखं तुटून पडणं. कारणं वेगळीही असतील, पण प्रेमाने विचारल्याशिवाय ती कळायची नाहीत.

शासनाने 10 मार्च 2022 च्या निर्णयाने मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांमध्ये सखी सावित्री समिती आणली. बदलापूरनंतर सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांचे आदेश निघाले. हे सारं हवंच. तुम्ही रुजू व्हाल त्या शाळेत समितीची बैठक शेवटची कधी झाली आणि तक्रारपेटी कोण उघडतं, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. पण पहिली-दुसरीतल्या मुलाला चिठ्ठी लिहिता येत नाही. त्याची तक्रारपेटी म्हणजे त्याची बाई, त्याचे गुरुजी.

मित्रांनो, माझा तो विद्यार्थी आज स्वतः बाप झाला असेल. त्याला मी विचारायचं राहून गेलं, ते मला आता भरून काढता येणार नाही. तुमची सारी वर्षं पुढे आहेत. हजेरीपटाच्या पहिल्या पानावर 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर लिहा आणि मुलांकडूनही पाठ करून घ्या. आणि एखादं मूल तुमच्या टेबलाजवळ येऊन नुसतं उभं राहिलं, तर हातातलं काम बाजूला ठेवा, त्याच्याकडे पाहा आणि त्याचं ऐका.