वाट ठरवण्याचे शिक्षण



घरपोच माल देणाऱ्या गाडीवाल्याला वाट ठरवायला शिकवावे, यात शिकवण्याजोगे ते काय, असे आपणांस वाटेल. म्हणून आधी एक हिशेब मांडतो. सकाळी एका माणसाजवळ दहा घरची दहा पुडकी आहेत. ती किती क्रमांनी वाटता येतील? ३६,२८,८०० क्रमांनी! सेकंदाला एक क्रम तपासत अहोरात्र बसले, तर बरोबर सहा आठवडे लागतील. १९५४ साली डँट्झिग, फुल्कर्सन आणि जॉन्सन या तिघांनी अमेरिकेतील ४९ शहरांचा सर्वांत आखूड फेरा सिद्ध केला, तेव्हा गणिताच्या जगात ती मोठी गोष्ट ठरली. आज खिशातला फोन क्षणात बऱ्यापैकी क्रम सुचवतो. मग माणसाला शिकवायचे काय?

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, शनिशिंगणापुरात, मिळते. शनिवारी, त्यातही शनि अमावास्येला, घोडेगावकडून येणारा रस्ता दर्शनार्थींच्या गाड्यांनी भरून जातो. गळिताच्या दिवसांत सोनईच्या मुळा साखर कारखान्याकडे उसाच्या गाड्या संथपणे चाललेल्या असतात. शेतातल्या वस्त्यांना घरक्रमांक नसतो. 'अमक्यांची वस्ती' एवढाच पत्ता. फोनला अंतर कळते. पण मळ्यातला माणूस दुपारी घरी असतो की विहिरीवर, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून नव्या माणसाला चार गोष्टी शिकवाव्यात. पहिली, निघण्यापूर्वी पुडकी दिशावार लावावीत. जे शेवटी द्यायचे ते गाडीत आधी भरावे. दुसरी, ज्याला वेळेचे बंधन आहे ते घर आधी धरून बाकीची त्याभोवती गुंफावीत. तिसरी, आपण डावीकडून गाडी चालवतो. उजवे वळण समोरची रहदारी छेदते, तेव्हा शक्यतो डाव्या वळणांचा फेरा घ्यावा, थोडा लांब पडला तरी. चौथी, संध्याकाळी आज कोठे चुकलो ते लिहून ठेवावे.

हे शिक्षण आपल्याकडे नवे नाही. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोहोचवण्याचे काम संघटित केले. मावळ, खेड, जुन्नर भागांतून आलेली ही माणसे. नवा गडी जुन्याच्या मागे फिरत वाट शिकतो. झाकणावरील रंग आणि अक्षरे त्याला स्थानक, इमारत आणि मजला सांगतात. पुस्तकी शिक्षण बेताचे असले, तरी ही शिस्त पक्की!

श्रोतेहो, यात पणाला लागते ते दुसऱ्याचे पोट. पुष्कळदा पेट्रोल गाडीवाल्याच्या स्वतःच्या खिशातले असते. चुकलेला प्रत्येक कोस त्याच्या मजुरीतून जातो. तो भरून काढायला तो वेग वाढवतो, आणि वेगाची किंमत कधी हाडांनी, कधी जिवाने मोजावी लागते. वाट शिकवणे हा मालकाचा उपकार नव्हे, कर्तव्य आहे. आपलेही कर्तव्य आहे: पत्ता नीट लिहावा, खूण सांगावी, फोन उचलावा.

शिंगणापुरात परंपरेने घरांना दारे नाहीत. कडी वाजवावी तर कडीच नाही. तेथे २०११ साली बँकही कुलपाविना उघडली. अशा उंबऱ्याशी उभा राहून माणूस हाक मारतो, आणि आतून ओ येते. सगळ्या वाटेचा शेवट या हाकेत आहे. तो माणूस तेथवर धडपणे पोहोचावा आणि धडपणे घरी परतावा, एवढीच इच्छा.