भाजीचं नाव आणि सांगणारीचं



करवीरनगरीत तुम्हा सगळ्यांचं मनापासून स्वागत. स्त्रीचा आवाज आणि निसर्ग या विषयावरचं हे संमेलन श्रावणात भरवायचं ठरलं, तेव्हा स्वागत समितीतल्या निम्म्या लोकांनी डोक्याला हात लावला. या दिवसांत कोल्हापूरकर पाहुण्याला बोलावण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी विचारतो. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे आमच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगा हे दोन्ही आकडे मागं टाकून घराघरांत शिरली होती. आज सकाळी ती पात्रात आहे, तुम्ही सुखरूप पोचलात, आमचा जीव भांड्यात पडला. पण निसर्गावर बोलायचं आणि पावसाला भिऊन सभा हिवाळ्यात घ्यायची, हे काही मनाला पटलं नाही.

स्वागताध्यक्षानं कुठं बसावं याचा धडा आमच्या शेजारीच घालून दिलेला आहे. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरलं. यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. केंद्रात मंत्री असूनही ते व्यासपीठ साहित्यिकांना सोडून श्रोत्यांत जाऊन बसले. अध्यक्षपदी दुर्गाबाई भागवत होत्या. आणीबाणीचे दिवस होते. दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाश नारायणांसाठी सभेला उभं राहून प्रार्थना करायला सांगितलं. त्याआधी एकोणीस वर्षं, १९५६ साली, याच बाईंनी ‘ऋतुचक्र’ लिहून बारा महिन्यांतली झाडं, फुलं, आभाळ आपल्याला दाखवलं होतं. पुढं लोक म्हणायचे, एवढं हळुवार लिहिणारी बाई एवढी करारी कशी? मला त्यात विसंगती वाटत नाही. ज्या नजरेला पळसाची पहिली कळी चुकत नाही, त्या नजरेला दडपलेलं माणूस कसं चुकेल? यशवंतरावांचा धडा गिरवून मीही थोडं बोलून खाली येऊन बसणार आहे.

कोल्हापूरची ओळख करून देणं हे माझं काम. तांबडा-पांढरा रस्सा, चप्पल, कुस्ती आणि गूळ तुम्हाला ठाऊक आहे. मी दुसरीच ओळख करून देते. आमच्या पंचगंगेच्या पाच नद्या म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त समजली जाणारी सरस्वती. पाचही बायका. त्यांतल्या भोगावतीवर राजर्षी शाहू महाराजांनी धरण बांधायला घेतलं. तिथल्या गावाला त्यांनी लेकीचं नाव दिलं, राधानगरी, आणि जलाशयाला राणीचं, लक्ष्मीबाई तलाव. त्या पाण्याच्या वरच्या अंगाला दाजीपूरचं जंगल आहे, गव्यांसाठी १९५८ साली राखीव झालेलं. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात महाराष्ट्रातली चार ठिकाणं होती. कास, कोयना, चांदोली आणि आमची राधानगरी. म्हणजे राधाबाईसाहेबांचं नाव जगाच्या यादीत लागलं. पण त्या जंगलाच्या कडेला राहून जिनं पिढ्यान्‌पिढ्या कुठला कंद खायचा, कुठला टाळायचा हे सांभाळलं, तिचं नाव कुठल्या यादीत आहे?

आज मला एवढंच मांडायचं आहे. बाईला आवाज नव्हता, असं आपण सवयीनं म्हणतो. आवाज होता. त्याखाली तिचं नाव लागत नव्हतं.

पहाटे जात्यावर बसलेली बाई गात होती. घर झोपलेलं असायचं. तेव्हा ती जात्याला, तुळशीला, आभाळातल्या ढगाला, माहेराकडच्या वाटेला उद्देशून बोलायची. सासूचा जाच, भावाची आठवण, पाऊस लांबल्याची काळजी, सगळं त्या ओव्यांत आलं. माणसांत ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून झाडा-पाखरांनी ऐकून घेतलं. पुढं ते कागदावर आणलं तेही बायकांनीच. शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून खंडच्या खंड संपादित केले. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी गावोगावी जाऊन लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की त्यांनी ओवीशेजारी गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. ‘लोकगीत, कवी अज्ञात’ असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं.

आपल्याच भागातल्या आणखी एका बाईंचं नाव घेते. निपाणीजवळच्या तवंदी गावात लहानपण गेलेल्या, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेल्या इंदिरा संत. १९४६ साली पती ना. मा. संत गेले. पदरात मुलं आणि हाताशी शिक्षिकेची नोकरी. त्यानंतरचं सगळं दुःख त्यांनी पाऊस, माती, फुलं यांच्याकरवी कवितेत आणलं. पण त्यांनी निसर्गाला दुःखाचा पडदा केला नाही. त्यांच्या कवितेतला पाऊस खराच पाऊस असतो, त्यात भिजायला होतं. ‘गर्भरेशीम’ या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जात्यावरच्या बाईनं जे अंधारात केलं, तेच इंदिराबाईंनी स्वतःच्या नावानं केलं.

आता एक माझी गोष्ट, आणि ती माझ्या चुकीची आहे. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. काही वर्षांपूर्वी आम्ही रानभाज्यांचं प्रदर्शन मांडलं होतं. टेबलावर पांढऱ्या कापडावर भाज्या, प्रत्येकीपुढं माझ्या अक्षरात पाटी, वर मराठी नाव, खाली लॅटिन. कुर्डूपुढं मी ऐटीत लिहिलं होतं, ‘सिलोशिया अर्जेन्टिया’. गुलाबी-पांढरे तुरे आलेली झाडं मुद्दाम निवडली होती, कारण फुलाशिवाय झाड ओळखायचं नाही, असं आम्ही शिकवतो. भुदरगडकडून आलेली एक मावशी टोपली डोक्यावरून उतरवत टेबलापाशी थांबली. तिनं कुर्डूची काडी दोन बोटांत धरून वाकवून बघितली. काडी कट्‌कन मोडली. “बाई, ह्यो निबर झालाय की. तुरा आला म्हंजी कुर्डूची भाजी संपली. ह्ये कोन खाईल?”

मग तिनं स्वतःच्या टोपलीतला कुर्डू काढून दाखवला. चार-सहा पानांचा, लुसलुशीत. शेंडा तेवढाच खुडायचा, मुळाला हात लावायचा नाही, म्हणजे आठ दिवसांनी पुन्हा फुटतो. भांगलताना हेच तण म्हणून उपटतात, तर उपटण्याआधी खुडून घ्यायचं. टाकळाही तसाच, फुलायच्या आत. आळंबी वारुळावरची असेल तरच घ्यायची, आणि दाखवायला घरात म्हातारं माणूस असलं पाहिजे. ती बोलत राहिली आणि मी प्रदर्शनाच्या वहीत लिहीत राहिले. माझ्या शास्त्राला फूल हवं होतं, तिच्या तव्याला फुलाच्या आधीचा कोंब. दोन्ही ज्ञानच, पण मांडलेल्या टेबलावर एकाच ज्ञानाची पाटी होती. शेवटी मी विचारलं, “मावशी, तुमचं नाव काय लिहू?” तिनं पदर सारखा केला. “माझं कशाला? भाजीचं लिवा.” आणि मी भाजीचंच लिहिलं.

यात तिचा दोष नाही. वर्षानुवर्षं तिला तसंच शिकवलं गेलं. पण हे बदलतं, आणि आपल्याच जिल्ह्यात बदललेलं आपण पाहिलं आहे. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचं बळ दिलं. तरीही पुढची शंभर वर्षं नवरा गेला की बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं चालूच राहिलं. भादव्यात गौर आणायला सगळ्या पाणवठ्यावर जातात, तेरड्याची रोपं धुऊन तांब्यात घालून वाजतगाजत घरी आणतात. विधवेला त्यात जागा नसायची. तेरडा कुणी आणावा हे तेरडा ठरवत नाही, गाव ठरवतं. म्हणून ते मोडायचं तर गावाच्या सभेतच मोडायला हवं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ४ मे २०२२ रोजी तेच केलं. ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. सुचवणारी बाई होती आणि अनुमोदन देणारीही बाईच. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही हेरवाडच्या वाटेनं जायला सांगितलं. जे दुःख जात्यावर कुजबुजलं जात होतं, ते इतिवृत्तात नोंदलं गेलं, सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन बायकांच्या नावांसह.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंचंही तेच. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी घरात गावठी बियाणं राखलं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आधी वाटायचं, बियाणं राखणं हे तर घरचंच काम, त्यात काय विशेष. नाव लागलं तेव्हा ते विशेष ठरलं, आणि त्या बियाण्यालाही किंमत आली.

मैत्रिणींनो, आवाज सापडला, आता तो कुठं वापरायचा, याचं उत्तर मी नदीकडं बोट दाखवून देईन. जिनं आपलं ऐकून घेतलं त्या पंचगंगेत आज सांडपाणी आहे, जलपर्णी आहे, मेलेली मासळी आहे. तिला बोलता येत नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा आपल्या आहेत. जैवविविधता कायदा २००२ साली आला, त्यानुसार गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि २००४ च्या नियमांनी तिच्या सदस्यांत किमान एक तृतीयांश महिला ठेवायला सांगितल्या. या समितीनं लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. गावातली झाडं, भाज्या, बियाणी, औषधी, आणि त्यांची माहिती असलेल्या जाणकारांची नोंद. घरी गेलात की आपल्या ग्रामपंचायतीत ही वही मागा. ती कपाटात असेल तर धूळ झटका, नसेल तर का नाही ते विचारा. आणि असेल तर बघा, तुमच्या सासूबाईंना ठाऊक असलेली भाजी त्यात आहे का.

दोन दिवसांत व्यवस्थेत काही उणं राहिलं तर ते आमच्या पदरात घाला, हक्कानं सांगा. दुपारच्या जेवणात तांबडा-पांढरा आहेच, पण शेजारी कुर्डूची भाजी आणि भाकरी आहे, कोवळी खुडलेली. मला आता निबर कळतो.

सभागृहाच्या दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. तिला दोनच रकाने आहेत. एक भाजीचा, कंदाचा, झाडाचा, बियाण्याचा. दुसरा, ते जिनं तुम्हाला शिकवलं तिचा. जाण्याआधी प्रत्येकीनं एक तरी ओळ लिहावी, ही माझी विनंती. पहिली ओळ मी लिहिली आहे. भाजीच्या रकान्यात कुर्डू आहे. शेजारचा रकाना कोरा आहे, कारण त्या दिवशी मी मावशीला दुसऱ्यांदा नाव विचारलं नाही. तुमचा रकाना कोरा राहू देऊ नका.