परक्या पडद्यावर आपले गाव

(पापडी, ता. वसई येथे चित्रपट मंडळाच्या जागतिक चित्रपट-हंगामाच्या प्रारंभी शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



पापडीसारख्या ठिकाणी इटली, इराण आणि जपानचे चित्रपट दाखवायचे म्हटले की एक प्रश्न हमखास विचारला जातो : हे कोणासाठी आणि कशासाठी? त्यात आता प्रत्येकाच्या खिशात पडदा आला आहे. ज्याला जो चित्रपट हवा तो त्याने घरी बसून पाहावा. त्यासाठी सभागृह, खुर्च्या आणि वर्गणी हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच चित्रपटाच्या इतिहासात सापडते.

भारतीय चित्रपटाचा उगम एका परदेशी चित्रपटाच्या दर्शनात आहे. १९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे मात्र राम-कृष्ण उभे राहत होते, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. त्या ध्यासातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ जन्मास आला. पुढे १९५० साली सत्यजित राय यांनी लंडनमध्ये व्हित्तोरियो दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्हज’ पाहिला. रोममधील एका बेकार माणसाची चोरीला गेलेली सायकल, एवढाच त्याचा विषय. प्रमुख भूमिकेत व्यावसायिक नट नव्हे, तर कारखान्यातील एक कामगार! तो चित्रपट पाहून बंगालमधील एका खेड्याची कथा अशाच साधेपणाने सांगता येईल, असा विश्वास राय यांना आला आणि १९५५ साली ‘पथेर पांचाली’ पूर्ण झाला. परक्याचे चित्र नीट पाहिले की आपले चित्र दिसू लागते, हे या दोन उदाहरणांचे सार होय.

येथे उपस्थित अधिकारीवर्गासाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. ‘पथेर पांचाली’चे काम पैशाअभावी अडले, तेव्हा पश्चिम बंगाल शासनाने त्याला अर्थसाहाय्य केले. नावाचा अर्थ ‘वाटेचे गाणे’. म्हणून ही रक्कम रस्तेसुधारणेच्या खात्यातून दिली गेली, असे सांगतात. त्या खर्चातून किती मैल रस्ता झाला असता, याचा हिशेब मांडता येईल. परंतु त्या चित्रपटाने भारतीय खेड्याला जगाच्या दारापर्यंत नेऊन पोहोचविले, त्याचा हिशेब कोणत्याही खतावणीत मावणारा नाही.

चळवळीचा वारसा

आपल्या देशात या पाहण्याला शिस्त लावण्याचे कार्य चित्रपट मंडळांनी केले. १९४७ साली राय, चिदानंद दासगुप्ता आदींनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५२ च्या जानेवारीत भारतातील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला आणि इटलीचे वास्तववादी चित्रपट येथील कलावंतांनी प्रत्यक्ष पाहिले. दुसऱ्याच वर्षी आलेल्या बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’वर त्यांची छाया स्पष्ट दिसते. १९५९ साली या मंडळांचा देशव्यापी महासंघ स्थापन झाला. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी तेथे चित्रपटांचा अमोल ठेवा जमविला. २०२२ साली हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले.

मुंबईत १९६८ साली स्थापन झालेल्या ‘प्रभात चित्र मंडळा’ने मराठी प्रेक्षकाला जागतिक चित्रपटाची ओळख मराठीतून करून दिली, हे त्याचे विशेष श्रेय. सुधीर नांदगावकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी अनेक वर्षे कष्ट घेतले. पुण्यात १९८५ पासून ‘आशय फिल्म क्लब’ कार्यरत झाला. कर्नाटकातील हेग्गोडू या खेड्यात ‘नीनासम’ संस्थेने १९७३ साली चित्रपट मंडळ सुरू केले व अभिजात चित्रपट ग्रामीण प्रेक्षकांपुढे नेले. तेव्हा, हे शहरी सुशिक्षितांचे खूळ आहे, हा समज सोडून दिलेला बरा.

कोणते चित्रपट पाहावेत?

हंगामाची निवड करताना चित्रपटाला मिळालेल्या पारितोषिकांपेक्षा प्रेक्षकाच्या जीवनाकडे अधिक पाहावे. एर्मान्नो ओल्मी यांचा ‘द ट्री ऑफ वुडन क्लॉग्ज’ हा १९७८ सालचा इटालियन चित्रपट घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोंबार्दी प्रांतात एकाच वाड्यात राहणारी ख्रिस्ती कुळांची कुटुंबे त्यात आहेत. पिकाचा दोन-तृतीयांश हिस्सा जमीनदाराचा. पाद्रीबुवांच्या आग्रहास्तव एक कूळ आपल्या हुशार मुलाला दूरच्या शाळेत घालते. वाटेत मुलाचा लाकडी जोडा मोडतो. नवा जोडा करण्यासाठी बाप रात्री गुपचूप जमीनदाराचे झाड तोडतो आणि ते उघडकीस येताच साऱ्या कुटुंबाला घर सोडावे लागते. यातील कलावंत त्याच परिसरातील शेतकरी असून, ते प्रमाण इटालियन न बोलता बेर्गामोची बोली बोलतात. या चित्रपटाला कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान लाभला.

आता हा चित्रपट वसईत पाहण्याचा अर्थ ध्यानी घ्या. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने कुळाला जमिनीचा मालक केले; त्याआधीचे दिवस येथील आजी-आजोबांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहेत. केळीच्या बागा, सुकेळी, विहिरीवरचे रहाट, देवळातील प्रार्थना आणि घरात बोलली जाणारी कादोडी किंवा वाडवळी हे सारे या प्रेक्षकाच्या ओळखीचे आहे. आपली बोली चारचौघांत बोलायला संकोचणाऱ्या तरुणाला, बोलीतला चित्रपट जगात सर्वोच्च मान मिळवू शकतो, हे कळणे ही लहान गोष्ट नव्हे.

शिक्षकांसाठी अब्बास किआरोस्तामी यांचा १९८७ सालचा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?’ हा इराणी चित्रपट सुचवितो. मित्राची वही चुकून आपल्या दप्तरात आली. उद्या वहीत गृहपाठ नसेल तर गुरुजी त्याला शाळेतून काढून टाकतील. म्हणून एक लहान मुलगा शेजारच्या गावी त्याचे घर शोधत फिरतो. मोठी माणसे त्याचे ऐकूनच घेत नाहीत. वर्गातील शिस्त आणि मुलाची सदसद्विवेकबुद्धी यांवर प्रशिक्षणवर्गातील दहा व्याख्यानांनी जे साधणार नाही, ते हा चित्रपट साधतो. तद्वतच यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) : शहरातील मुलांकडे गेलेल्या वृद्ध आईवडिलांसाठी कोणालाच सवड नाही. पहाटेची लोकल गाठून रात्री परतणाऱ्या वसई-विरारकरांना तो जपानी वाटणारच नाही.

खेळानंतरचा अर्धा तास

चित्रपट मंडळ आणि चित्रपटगृह यांतील खरा भेद खेळानंतरच्या अर्ध्या तासात आहे. दूरध्वनीवर एकट्याने चित्रपट पाहता येतो, थांबवता येतो, अर्ध्यावर सोडूनही देता येतो. पण शेजारच्या खुर्चीवरील भाजीवाल्या मावशींना त्या बापाने झाड तोडले ते योग्य वाटले आणि निवृत्त तलाठ्यांना ते अयोग्य वाटले, ही गोष्ट एकांतात कळत नाही. मतभेद असूनही एकत्र बसून दुसऱ्याचे ऐकून घेणे, हे लोकशाहीचे शिक्षण आहे. ग्रामसभेलाही त्याचीच गरज असते.

त्यासाठी व्यवस्था माफक लागते. पूर्ण काळोख करता येईल असे शाळेचे सभागृह, बरा प्रक्षेपक, स्पष्ट ध्वनी आणि प्रदर्शनाची रीतसर परवानगी. इंग्रजी उपशीर्षके सर्वांना वाचता येत नाहीत. म्हणून प्रारंभी दहा मिनिटे मराठीतून परिचय करून द्यावा आणि कथासाराचा एक छापील कागद हाती द्यावा. हे काम भाषाशिक्षकांनी अंगावर घ्यावे. जिल्ह्यातील ग्रामपंचायतींनी महिन्यातून एक संध्याकाळ आपले सभागृह मोकळे ठेवावे. ग्रंथालयांनी चित्रपटविषयक पुस्तके मांडावीत. अधिकाऱ्यांनी उद्घाटनापुरते न येता चर्चेला थांबावे आणि शक्यतो मागच्या रांगेत बसावे! सभासदांनी वर्गणी अल्प असली तरी ती द्यावी, कारण फुकटच्या खेळाला गर्दी जमते, मंडळ जमत नाही.

एका धोक्याची जाणीव ठेवली पाहिजे. पहिल्या हंगामाचा उत्साह दुसऱ्या वर्षी ओसरतो. सारा भार दोन-तीन कार्यकर्त्यांवर पडतो आणि ते थकले की मंडळ बंद पडते. म्हणून निवड, परिचय, हिशेब आणि चर्चा ही कामे आरंभापासूनच निरनिराळ्या हाती सोपवावीत व त्यांत तरुणांना आणि स्त्रियांना पुढे करावे.

मित्रहो, २००९ साली येथे महानगरपालिका आली, २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. बदल अटळ आहे. पण जे जात आहे ते कोणी डोळे भरून पाहिले आहे काय? १९३६ च्या ‘संत तुकाराम’मधील देहू १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात परक्यांनी पाहिले आणि त्यास मान दिला. देहू जगाला दिसले, कारण कोणीतरी ते आधी प्रेमाने पाहिले होते. बेर्गामोचे शेतकरी आणि इराणचे शाळकरी मूल पाहून बाहेर पडलेल्या पापडीतील एखाद्या मुलीला उद्या आपल्या आजीची बोली, आपला आठवडे बाजार, आपली आटत चाललेली विहीर नव्याने दिसली आणि तिने ती टिपून ठेवली, तर या हंगामाचा खर्च सार्थकी लागला असे मी मानीन. त्या मुलीसाठी आजची ही पहिली रांग राखून ठेवू या.